दोनशे साठ दाण्यांची लुचई

लुचईचं बियाणं माझ्याच हातून गेलं, हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणावर ढकलायला नको.

लुचई म्हणजे आमच्याकडचं जुनं धान. मी लग्न होऊन नागभीडच्या या भागात आले तेव्हा गावात बहुतेक घरी ती होती. उंच वाढते, वारा आला की लोळते, उतारा कमी देते आणि कापणीला सगळ्यांच्या मागून येते. म्हणून लोकांनी ती सोडली. मी सोडली नाही, कारण आमची तलावाखालची बांधी, म्हणजे धानाचं खाचर. ती खोलगट आहे, तिच्यातलं पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही. नवीन ठेंगणी धानं तिथे सडतात. लुचई पाण्याच्या वर मान काढून उभी राहते. शिवाय तिची पेज गोड लागते. बाकी तिच्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

घरकुल मंजूर झालं त्या वर्षी आम्ही जुनं मातीचं घर पाडलं. घराबरोबर ढोली गेली. ढोली म्हणजे बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी. ती उचलून नेता येत नाही, मोडावीच लागते. बियाणं मी वेगळं ठेवायची, तणसाच्या दोरानं गुंडाळलेल्या मोठ्या पुड्यात, आणि पुडा आड्याला टांगायची. नव्या घराला आडंच नाही, वर सिमेंटचं सपाट छत. मग खायचं धान आणि बियाण्याचं धान, सगळं खताच्या रिकाम्या चुंगड्यांत भरलं. चुंगडी सगळी सारखी, पांढरी.

सून म्हणाली, "आई, यावर कोळशानं लिहून ठेवू का?"

मी म्हटलं, "मले धान ओळखता येत नाई का?"

ती फार बोलत नाही, आणि मी तिला फार बोलू दिलं नाही.

माघात मोठ्या नातीचं साक्षगंध होतं. पाहुणे पन्नास-साठ. मुलानं विचारलं, गिरणीवर कोणती चुंगडी नेऊ? मी खाटेवर बसून बोट दाखवलं. ती डावीकडची तीन. उठले असते, चुंगड्याचं तोंड सोडून मूठभर हातावर घेतलं असतं, तर तिसऱ्या चुंगड्यात काय आहे ते लगेच कळलं असतं. गुडघे दुखत होते, उठले नाही.

पंगतीत पहिल्याच घासाला समजलं. वासानंच. समोर पन्नास माणसं माझं बियाणं खात होती. होणाऱ्या नातजावयाची आई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "भात मस्त झाला वो, बाई."

मी म्हटलं, "हो, झाला." आणि मीही दुसऱ्यांदा वाढून घेतला. टाकून दिला असता तरी तांदूळ काही उगवत नाही.

पाहुणे गेल्यावर मी चुंगडी झटकली, गिरणीवर जाऊन आले, कोंड्यात हात घातला. काही नाही. मग गावात विचारलं, बाजारात विचारलं, नात्यातल्यांना फोन केले. कृषी कार्यालयातला पोरगा म्हणाला, "नाव ऐकलं आहे, आजी." नाव मलाही माहीत होतं. कोणाकडेच दाणा नव्हता. लोकांना वाटलं सुनेनं चुकून दळून आणलं. गिरणीवर मुलासोबत ती गेली होती, एवढ्यावरून. मी त्यांना वाटू दिलं. ते बरं केलं नाही.

दोन महिने असे गेले. खोलगट बांधीत पुढे काय लावायचं याचा मी रोज विचार करायची आणि रोज उत्तर तेच यायचं, काही नाही.

चैत्रात एका सकाळी वासराचा दोर सोडायला गोठ्यात गेले आणि वर पाहिलं. वाशाला लोंब्यांची जुडी टांगलेली होती.

आमच्या भागात कापणी झाली की धानाच्या लोंब्या विणून त्यांची जुडी दारावर टांगतात, पाखरांसाठी. आमच्या घरी देवपूजा नाही. सासरे छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हापासून नाही. पण चिमण्यांना खायला घालायला देव लागत नाही, म्हणून ती रीत राहिली. त्या वर्षी घर पाडलेलं, दार नव्हतं, म्हणून मी जुडी गोठ्यात टांगली होती आणि विसरून गेले होते. लोंब्या लुचईच्या होत्या. शेवटी कापली जाते ती तीच, हातात होती तीच विणली.

बाहेरून जुडी पार खाल्लेली, नुसत्या काड्या. पण मी फार घट्ट विणते. सासू त्यावरून बोलायची, पाखरांना द्यायचं आहे की त्यांच्यापासून लपवायचं आहे म्हणून. आतल्या लोंब्यांपर्यंत चोच पोचली नव्हती.

मी जुडी पदरात घेऊन घरात आले. धाकटी नात आठवीत होती, ओसरीवर वही घेऊन बसली होती. तिच्यासमोर सूप ठेवलं आणि म्हटलं, "हे सोड. एकही दाणा खाली पाडू नको."

आम्ही दोघींनी दाणे काढले. मग मिठाच्या पाण्यात टाकले. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाला जातो. वरचे फेकले, तळातले साध्या पाण्यानं धुऊन फडक्यावर वाळत टाकले आणि नातीनं दहा-दहाच्या ढिगांनी मोजले. दोनशे साठ.

दोनशे साठ दाणे म्हणजे ओंजळसुद्धा नाही. वाटीचा तळ झाकत नव्हता.

नात म्हणाली, "आजी, मले बाईनं घरातलं गणित आणायले सांगितलं. घातांकाचं. पुस्तकातलं चालत नाई."

"घातांक म्हणजे काय?"

"त्याच आकड्यानं गुणत जायचं. पुन्हा गुणायचं, पुन्हा गुणायचं. पुस्तकात जंतू हायत, एकाचे दोन, दोनाचे चार."

"घरात जंतू कोण मोजत बसते? हे घे गणित." मी वाटी पुढे केली. "ह्या दाण्यांपासून एक एकराचं बियाणं किती वर्षांनी होइन? वीस किलो पाह्यजे."

तिनं लगेच लिहिलं, एका दाण्याचे शंभर दाणे. मी विचारलं, शंभर कुठून आणलेस? ती म्हणाली, असंच धरलं, सोपं जाते. मी म्हटलं, धानाला तुझ्या सोप्याशी काही देणंघेणं नाही. एक रोप एकटं, लांब लांब लावलं तर त्याला सात-आठ फुटवे येतात. प्रत्येक फुटव्याला एक लोंबी. लोंबीला शंभर-सव्वाशे दाणे, त्यातले काही पोचट, काही पाखरांचे, काही उंदरांचे. हातात तीनशे भरलेले आले तर पुरे. आणि पेरलेले सगळे उगवतात असं नाही. काही उगवत नाहीत, काही पऱ्ह्यात, म्हणजे रोपवाटिकेतच मरतात, काही रोवणीनंतर. अर्धे मेले असं धर.

"अर्धे? इतके?"

"धर तू."

तिनं धरलं. अर्धे म्हणजे एकशे तीस रोपं, गुणिले तीनशे. एकोणचाळीस हजार दाणे.

आकडा मोठा वाटला, पण एकोणचाळीस हजार दाणे म्हणजे किती, हे दोघींनाही माहीत नव्हतं. तिला किराणा दुकानात पाठवलं. मूठभर बारीक धान घेऊन गेली, काट्यावर दहा ग्रॅम मोजून पुडी बांधून आणली. पुडीतले दाणे मोजले तर पाचशेच्या आसपास निघाले. म्हणजे किलोला पन्नास हजार. म्हणजे वर्षभर राबून माझ्या हातात पाऊण किलोपेक्षा जरासं जास्त.

मी चौथीपर्यंत शिकले. पावकी, निमकी, दिडकी अजून पाठ आहेत, आणि नातीला येत नाहीत ते पाढेही मला येतात. मी मनात हिशेब केला. वर्षाला पाऊण किलो. चार वर्षांत तीन किलो. वीस किलोला सव्वीस-सत्तावीस वर्षं. मला बहात्तरावं चालू होतं.

मी वाटी उचलली. "जाऊ दे. चिमण्यांनाच टाक."

"काऊन?"

"सत्तावीस वर्षं लागतात. मी राहत नाई तोवर, आन तुह्या बापाले काही पडलं नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती लबाड पोरगी आहे, हसू दाबत होती. "आजी, तू दुसऱ्या वर्षी बी दोनशे साठच पेरशीन का?"

"मंग?"

"एकोणचाळीस हजार पेरशीन ना! पाऊण किलो कोठीत ठेवून पूजा करशीन का त्याची?"

मी खाली बसले. तिनं वही माझ्याकडे वळवली. दाण्यांतले अर्धे मरतात, उरलेल्याचे तीनशे होतात, म्हणजे दर वर्षी दीडशेनं गुणायचं. एकदा गुणलं की एकोणचाळीस हजार. त्यालाच परत दीडशेनं गुणलं की अठ्ठावन्न लाख पन्नास हजार. त्याला पन्नास हजारांनी भागलं.

"एकशे सतरा किलो," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी."

"चुकलं असन."

"करून पाय."

मी केलं. तिच्या पद्धतीनं नाही, माझ्या पद्धतीनं, खडूनं फरशीवर, शून्यं बाजूला काढून. एकशे सतरा आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी आयुष्यभर धान पिकवलं. एका दाण्याचे किती होतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण इतकं कमी बियाणं कधी हातात आलंच नव्हतं. आम्ही चुंगड्यानं पेरतो आणि चुंगड्यानं आणतो. पिकातून बियाण्यापुरतं काढून ठेवलं की बाकीचं खातो. काहीच न खाता सगळंच परत पेरलं तर काय होतं, हे पाहायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

नातीनं तिसऱ्या वर्षाचंही करून टाकलं. सतरा हजार पाचशे पन्नास किलो. ती म्हणाली, चौथ्या वर्षी तर आजी...

मी म्हटलं, "थांब. जमीन कुठी हाय? तिसऱ्या वर्षीच गावातली सारी बांधी भरली तुही. धान काय हवेत लावशीन?"

ती म्हणाली, वहीत तर होते. मी म्हटलं, वहीत होऊ दे. आपल्याला दुसरं वर्ष पुरे.

त्या दिवशी दोन महिन्यांत पहिल्यांदा मी जेवताना बांधीचा विचार केला नाही.

जूनमध्ये दोनशे साठ दाणे घराच्या मागे, हातपंपाच्या सांडपाण्याजवळ, एका जुन्या घमेल्यात टाकले. एकशे नव्वद उगवले. त्यातली चांगली रोपं निवडून त्याच सांडपाण्याच्या चिखलात वीतभर अंतरानं एक-एक लावली. भोवती काट्या रोवल्या, वरून जुनं लुगडं बांधलं. ऑगस्टमध्ये शेजारच्या बकरीनं लुगडं ओढून एका कोपऱ्यातली रोपं खाल्ली. मी बकरीला मारलं, शेजारणीशी भांडले, आणि उरलेल्या रोपांजवळ खाट टाकली.

मळणी कसली, हातानंच चोळलं. दुकानातल्या काट्यावर सातशे दहा ग्रॅम भरलं.

नात नाराज. "सत्तर ग्रॅम कमी."

"बकरीनं खाल्लं."

"बकरी त्या अर्ध्यात धरली होती ना आपण!"

"ते अर्धं उंदरांचं होतं. बकरीचं कोणी धरलं नव्हतं."

तिनं ते वहीत लिहिलं, 'बकरी धरली नाही' म्हणून. गणिताच्या बाईंना ते आवडलं म्हणे. मला त्याचं काही नव्हतं. सातशे दहा ग्रॅम मी काचेच्या बरणीत ठेवले, बरणीवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात 'लुचई' लिहिलं आणि बरणी सुनेच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्या पेटीत ठेव. माझ्याकडे नको.

दुसरं वर्ष कठीण होतं, कारण ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. पस्तीस हजार दाणे. अर्धे मरणार असं धरलं तरी सतरा-अठरा हजार रोपं, म्हणजे पाव एकर रोवणी. त्याला बाया लागतात.

आमच्याकडे रोवणीच्या बाया पऱ्ह्याची जुडी डाव्या हातात धरतात आणि उजव्या हातानं तीन-चार काड्या एकदम चिखलात खुपसतात. मागे मागे सरकत, न बघता. पिढ्यान्‌पिढ्या तसंच लावलेलं. हातालाच मोजमाप कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही. आणि माझं सगळं गणित एका जागी एक काडी यावर उभं होतं. चार-चार लावल्या तर चार काड्या मिळून एकाच काडीएवढे फुटवे देतात. एकशे सतराचे तीस किलो होतात. त्यातले वीस बांधीला गेले की बाकी दहा. एक वाईट वर्ष आलं की परत वाटीच्या तळाशी.

मी बायांना सकाळी सांगितलं, एक-एक. त्यांनी हो म्हटलं. मी घरी चहा आणायला गेले. किटली घेऊन परत आले तर बांधीचा तिसरा हिस्सा लावून झाला होता, आणि लांबूनच कळत होतं की गच्च आहे.

मी किटली बांधाच्या धुऱ्यावर ठेवली आणि चिखलात उतरून एक झुपका उपटला. चार काड्या.

"एक-एक सांगितलं होतं ना वो!"

पुढची बाई, जिच्या मागे सगळी रांग चालते, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हात ऐकत नाई, बाई. एक-एक काडी लावू तं संध्याकाळ होते. धान लावून राह्यलो का शेवया मोजून राह्यलो आम्ही?"

दुसरी म्हणाली, "एकटी काडी वाऱ्यानं पडन. मंग आमाले नको बोलजो."

तिसरी वाकूनच म्हणाली, "सुनेनं बियाणं दळलं आन राग आमच्यावर काढून राह्यली बुढी."

सगळ्या हसल्या. सून त्याच रांगेत होती. ती हसली नाही, मान वर केली नाही, तिच्या हातातलं पऱ्हं तसंच धरून राहिली. तेव्हा मला दिसलं, तिच्या समोरच्या ओळीत एक-एक काडी होती. तेवढी एकच ओळ विरळ होती.

मी म्हटलं, "तिनं नाई दळलं. खाटेवर बसून चुंगडं म्याच दाखवलं. ते चुंगड्यावर लिहू का म्हणत होती, म्याच नाई म्हटलं. दीड वर्ष तुमी तिले बोलल्या, म्या ऐकून घेतलं."

मग पुढच्या बाईनं विचारलं, "खरंच का वो?" हे तिनं सुनेला विचारलं होतं.

सून म्हणाली, "जाऊ द्या. चहा थंड होते."

पुढची बाई माझ्याकडे वळली. "मंग तूच ये आता, बुढे. तूच लाव एक-एक."

"आलीच हाय, नाई तं इथी काय पोहायले उतरली?"

त्या खळखळून हसल्या. चहा प्यायला, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो तिसरा हिस्सा उपटला. काड्या सुट्या केल्या, पाण्यात धुतल्या आणि एक-एक करून परत लावल्या. तासाभरापूर्वीच लावलेली होती, मुळं धरली नव्हती, म्हणून निभावलं. पुढच्या बाईनं बोटाला पदराची चिंधी गुंडाळली, म्हणजे हाताला आठवण राहते. शिव्या देत देत लावत होती. पण एक-एकच लावत होती. संध्याकाळ झाली हे खरं. गुडघ्यांमुळे मी चार दिवस उठले नाही, हेही खरं.

ती बांधी आठ-दहा दिवस इतकी केविलवाणी दिसत होती की रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, रोग आला का? महिन्यानं फुटवे आले आणि पाणी दिसेनासं झालं, तेव्हा कोणी थांबलं नाही.

कापणीनंतर वजन केलं. नातीनं आधीच सातशे दहा ग्रॅमचं नवं गणित करून ठेवलं होतं. एकशे साडेसहा किलो. काट्यावर एकशे एकवीस भरलं.

"जास्त कसं आलं?" ती म्हणाली. कमी आलं तरी नाराज, जास्त आलं तरी नाराज.

मी म्हटलं, "मी भेऊन अर्धं मारून ठेवलं होतं. तेवढं मेलं नाई."

मी त्या ढिगाजवळ बसले, मूठ भरून घेतली आणि परत सोडली. बारीक, पिवळसर, तीच. आनंद वगैरे झाला नाही. श्वास नीट यायला लागला, एवढंच.

वीस किलो आमच्या बांधीचं बियाणं वेगळं केलं. वीस-एकवीस किलो खायला ठेवलं. ऐंशी किलो आठ घरांना वाटलं, दहा-दहा. रोवणीतली ती पुढची बाई, बकरीवाली शेजारीण, तलावाच्या वरच्या पाड्यातली दोन घरं, अशी. एक दहा किलो लेक घेऊन गेली, ती अहेरीकडे राहते. मला परत काही द्यायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. पण पुढच्या वर्षी प्रत्येकानं दोन नव्या घरांना द्यायचं. नातीनं लगेच वही काढली, आठाची सोळा, सोळाची बत्तीस. मी म्हटलं, वही ठेव, माणसं धानासारखी वाढत नाहीत. दोन तर विसरतील आणि एक दळून खाईल.

खरं सांगायचं तर बियाणं वाढतं हे गणितानं दाखवलं, पण गणितात घर एकच होतं. माझं. एका घरात एकशे सतरा किलो असोत नाही तर सतरा हजार, खाटेवरून एक बोट चुकीचं दाखवलं की गेलं. हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, हे गणित नाही. मी म्हटलं, नसू दे.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, जुलैत चार दिवस पाऊस थांबला नाही. तलाव भरून वाहायला लागला आणि आमच्या बांधीतलं पऱ्हं गाळाखाली गेलं. वीसच्या वीस किलो. पाचव्या दिवशी सकाळी मुलगा बघून आला आणि दारातच उभा राहिला. सुनेनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून चूल विझवली.

"सारं गेलं, आई," तो म्हणाला. "एक काडी नाई."

मी बोटांवर घरं मोजली. वरच्या पाड्यातली दोन उंचावर, तिथे पाणी जात नाही. पुढच्या बाईचं पऱ्हं तलावाच्या पलीकडे. लेकीकडे तर पाऊसही वेगळा. शेजारणीचं गेलं असणार, ती आमच्या खालीच पेरते. फार तर दोन-तीन गेली असतील. बाकी असणारच.

मी सुनेला म्हटलं, "चूल पेटव." आणि मुलाला म्हटलं, "पाऊस थांबला की वरच्या पाड्यात जाऊन विचार, पऱ्हं उरतं का. उरतच असन, दहा किलो पेरलं त्यांनी."

मुलगा म्हणाला, "तुले काहीच नाई वाटत?"

"भूक लागली," मी म्हटलं.

पऱ्हं उरलं होतं. आठ दिवसांनी बांधी लावून झाली, उशिरा, पण लुचईला उशीर चालतो. ऑक्टोबरमध्ये लेकीचा फोन आला की तिकडची निसवली, लोंब्या बाहेर पडल्या आहेत. तिच्या सासूला वास आवडला म्हणे. मी विचारलं, दोन घरं ठरवली का? ती म्हणाली, तीन ठरवली. मी बरं म्हटलं, फोन सुनेला दिला आणि खाटेवर आडवी झाले. दुपारची वेळ होती. त्या दोन-तीन वर्षांत मी दुपारी कधी झोपले नव्हते. सून चहा घेऊन आली तेव्हा मी घोरत होते, असं ती सांगते. तिनं उठवलं नाही.